पाठमोरा शॉट

स्टुडिओच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि मी आंधळी झाले. दुबईत जुलैमध्ये चष्मेवाल्यांचं असंच होतं. आत एसीने हाडं गोठलेली असतात, बाहेर हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर पडते आणि काचांवर लगेच धुकं चढतं. त्या धुक्यात मी चाचपडत दोन पायऱ्या उतरले आणि कुणावर तरी जाऊन आपटले. लागलं मात्र नाही. समोरच्याने चक्क थंडीचं जाडजूड जॅकेट घातलं होतं.

"आधी चष्मा पुसा मॅडम, मग रागवा."

मी रागावणारच होते... पण तो आवाज. आठवडाभर हाच आवाज हेडफोनमधून माझ्या कानात सांगत होता, "क्लारा, या गावात तुमच्याशिवाय माझं कुणी नाही." आणि गंमत म्हणजे ते वाक्य मीच लिहिलं होतं.

"योहान्स?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नीलेश परब. योहान्स फक्त सकाळी सात ते आठ. नंतर जबल अली, कोल्ड स्टोअर." त्याने जॅकेटकडे बोट दाखवलं. "उणे वीसमधून येतोय, रिटेकसाठी. आणि तुम्ही... क्लारा?"

मी ओढणीने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. उंच, सावळा, कपाळावर घामाचे थेंब. हसताना एक भुवई वर जात होती. आवाजावरून मी कितीतरी चेहरे रंगवले होते, हा त्यातला एकही नव्हता. हा बरा होता. जरा जास्तच बरा होता.

एक जुन्या काळातला जर्मन सिनेमा मराठीत करायचं काम अल कूझमधल्या या लहानशा स्टुडिओला मिळालं होतं. कापडगिरणीच्या मालकाची मुलगी क्लारा, आणि त्याच गिरणीतला रंगारी योहान्स, ज्याच्या हातांचा निळा रंग कधी जात नाही. मालकाला हे प्रेम अर्थातच नामंजूर. इंग्रजी सबटायटल्सवरून मराठी संवाद मी लिहिले, क्लाराचा आवाजही माझाच. बाकी आवाज आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून मिळाले. डबिंगमध्ये सगळे एकत्र उभे राहून बोलत नाहीत. ज्याला जेव्हा सवड, तेव्हा तो येऊन एकटा बोलून जातो, आणि पुढचा माणूस आधीच्याचा आवाज कानात ऐकत आपली वाक्यं म्हणतो. म्हणून मी या माणसाला इतके दिवस प्रेमाने उत्तरं देत होते आणि त्याला पाहिलं नव्हतं.

"बरं झालं भेटलात," मी म्हटलं. "एक तक्रार आहे. स्क्रिप्टमध्ये नसलेली वाक्यं तुम्ही बोलता. काल योहान्स जिना उतरताना म्हणाला, 'जपून हां, पायरी निसरडी आहे.' कुठून आली ती पायरी?"

"क्लारा उतरत होती ना मागून? पडली असती."

"जर्मनीत पडली नव्हती."

"कॅमेऱ्याकडे पाठ होती त्याची. ओठ दिसत नाहीत, मग वाटलं, एवढं गप्प कशाला राहायचं..." तो जरा लाजला. "आमच्या घरात दशावतार आहे, मॅडम. वडील राजा करायचे, मी राणी. लिहिलेलं काही नसतं. उभं राहायचं आणि सुचेल ते बोलायचं. फक्त एक नियम पक्का. समोरच्याने विचारलं की उत्तर दिल्याशिवाय आत जायचं नाही."

"आणि मोहिद्दीन काही म्हणत नाही?"

मोहिद्दीन आमचा साउंड इंजिनिअर, कोझिकोडचा. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तो फक्त ओठ बघतो. ओठ जुळले की खलास, टेक ओके. पाठमोऱ्या शॉटमध्ये तर तोही प्रश्न नसतो.

"तो म्हणतो, 'लिप्स नहीं दिख रहे, नो प्रॉब्लम,'" नीलेश म्हणाला, आणि दोघंही हसलो.

मग रिटेक्स वाढत गेले. खरं सांगायचं तर गरज नसतानाही वाढत गेले. मी स्क्रिप्टमध्ये उगीच एखादा शब्द बदलायची, तो ड्युटी संपवून यायचा, आणि काम झालं की कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियाबाहेर आम्ही इथला कडक, दुधाळ करक चहा घेत उभे राहायचो. त्याचे हात तेव्हाही गार असायचे. त्या उकाड्यात ते गार हात... जाऊ दे, मी सरळच सांगते, मला ते धरावेसे वाटायचे.

"योहान्सचे हात निळे, तुमचे गार," मी एकदा म्हटलं.

"क्लारा हातमोजा काढून त्याचा हात धरते. चौथ्या रिळात."

"पाठ आहे वाटतं?"

"तेवढंच पाठ आहे."

तेवढ्यात माझा चष्मा पुन्हा धुकटला. त्याने न विचारता तो अलगद काढला, जॅकेटच्या आतल्या मऊ अस्तराने पुसला आणि माझ्या कानांवर परत ठेवला. नेमकं तेव्हाच समोर येऊन थांबलेल्या गाडीत बाबा होते.

माझे बाबा, दत्तप्रसाद. एका मोठ्या कंपनीत फायनान्स मॅनेजर, अल बर्शाला घर, मंडळाच्या नाटकांत दरवर्षी अभिनयाचं बक्षीस. या सिनेमात क्लाराच्या वडिलांचा, त्या गिरणीमालकाचा आवाजही त्यांचाच होता. आमच्या ओळखीत इतकं दटावून बोलणारं दुसरं कोण मिळणार? नाटकातला स्वल्पविरामसुद्धा हलता कामा नये, हे त्यांचं तत्त्व. घरातही तसंच. मी काही बोलायला लागले की उरलेलं वाक्य तेच पुरं करतात.

त्यांनी खाली उतरून शांतपणे नीलेशची चौकशी केली. आडनाव, गाव, हुद्दा, राहणं कुठे. "कंपनी अकोमोडेशन. रूममध्ये चौघं आहोत," तो म्हणाला. बाबांनी 'अच्छा' म्हटलं. ते त्यांचं 'अच्छा' मी ओळखते.

"मंडळाच्या गणपतीत साडी नेसून राणी झाला होतात, ते तुम्हीच ना? काम छान केलंत. आता एक करा. माझ्या मुलीला फोन नको, मेसेज नको. शब्द द्या मला."

नीलेशने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट पाहिली त्याने. मी मुकाट उभी राहिले.

"फोन करणार नाही," तो म्हणाला.

घरी आल्यावर आईने पानं घेतली. बाबा म्हणाले, "मुलगा वाईट नाही. पण आपल्यात नाही बसायचा. उद्या चार लोक विचारतील तेव्हा काय सांगू, जावई लेबर कॅम्पात राहतो?"

"कॅम्प नाहीये तो. आणि बाबा, मला —"

"तुला वाईट वाटतंय, मला कळतं. सिद्धांतकडचे रविवारी फोन करतायत पुण्याहून. होकार द्यायचाय आपल्याला."

"पण मी —"

"दोनदा बोललीस ना तू त्याच्याशी? सिंगापूरला स्थायिक आहे, आणखी काय हवं? भात वाढ गं."

आईने भात वाढला आणि वाढता वाढता माझ्याकडे बघत राहिली. आपल्या घरात आपली वाक्यं अशी अर्धीच का राहतात, हे तिलाही कधी विचारायचं असेल. सिनेमातल्या सगळ्यांची वाक्यं लिहिणारी मी, स्वतःचं एक पुरं करू शकले नव्हते. रविवार तोंडावर आला होता, आणि नीलेश शब्दाला पक्का निघाला. फोन वाजला नाही.

शुक्रवारी शेवटचा प्रसंग होता. नदीचा धक्का, पहाट, धुकं. मालकाने योहान्सला गावाबाहेर काढलंय, तो बोटीने निघालाय, क्लारा निरोपाला आलीय. दिग्दर्शकाने सगळा प्रसंग पाठीमागून घेतला होता. आधी योहान्सची पाठ, मग क्लाराची, मग मुलीला घ्यायला आलेल्या बापाची. दोघं प्रेमिक एक अक्षर बोलत नाहीत. शेवटी फक्त बाप म्हणतो, "क्लारा, घरी चल." संपलं. नीलेश सकाळी येऊन गेला होता, दुपारी माझा नंबर, आणि ऑफिसातलं क्वार्टर क्लोजिंग उरकून संध्याकाळी बाबा.

या प्रसंगात मला काही बोलायचंच नव्हतं. एखादा उसासा, एक हुंदका, बस. मी हेडफोन चढवले. योहान्सची पाठ पडद्यावर आली... आणि तो बोलायला लागला.

"क्लाराबाई, तुमच्या वडिलांना मी शब्द दिलाय, फोन करणार नाही."

शंभरेक वर्षांपूर्वीच्या जर्मन नदीकाठी फोन. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले.

"पण बोलणारच नाही असा शब्द मी दिलेला नाही. माझं प्रमोशन झालं की वेगळी खोली मिळेल. मोठी नसेल. तुम्ही मला आवडता. चष्मा पुसलेल्या आवडता, न पुसलेल्याही आवडता. हो म्हणा, नाही म्हणा, पण त्या दिवसासारखं गप्प नका राहू. आमच्यात उत्तर मिळाल्याशिवाय आत जाता येत नाही. मी इथेच उभा आहे."

पडद्यावर क्लाराची पाठ आली. काचेपलीकडे मोहिद्दीनने अंगठा दाखवला, चालू दे म्हणून. समोर माइक होता, आणि माझे ओठ कुणाला दिसणार नव्हते. संध्याकाळी याच जागी बाबा उभे राहणार, माझा प्रत्येक शब्द त्यांच्या कानात जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. भीती वाटली. खूप वाटली.

"हो," मी म्हटलं. "माझं उत्तर हो आहे. त्या दिवशीही हेच होतं, फक्त तोंडातून निघालं नाही." मग श्वास घेतला. "बाबा, आता तुमच्यासाठी. मला मध्येच थांबवू नका, इथे तुम्हाला थांबवता येणारही नाही. सिद्धांत चांगला असेल. पण त्याच्याशी बोलताना मी घड्याळ बघत होते. नीलेशशी बोलताना मला घड्याळ आठवतच नाही. तो चौघांत राहतो याची मला लाज वाटत नाही. तुम्ही विचारलं असतं तर हे सांगितलं असतं. विचारलं नाहीत, म्हणून आता सांगतेय. मला हाच हवाय. रविवारी होकार देऊ नका."

"लव्हली," मोहिद्दीन म्हणाला. "बहुत फीलिंग है."

संध्याकाळी बाबा आले. टाय सैल केला, कोमट पाणी प्यायले, स्क्रिप्ट स्टँडवर नीट लावलं. मी मोहिद्दीनच्या शेजारी, काचेच्या अलीकडे. पळून जावंसं वाटत होतं, पण बसून राहिले.

प्रसंग सुरू झाला. नीलेशचा आवाज आला तशी बाबांची मान वर झाली. त्यांनी हात वर केला, थांबवा म्हणून. मोहिद्दीनला वाटलं, सर अभिनयात शिरले. मग माझा आवाज. बाबांनी मला थांबवायला तोंड उघडलं... पण थांबवणार कुणाला? बावीस वर्षं नाटकात काम केलेला माणूस, आपल्या वाक्याचा क्यू येईपर्यंत उभं राहण्याची सवय अंगात भिनलेली. ते उभे राहिले. माझी सगळी वाक्यं, पहिल्यांदाच, शेवटपर्यंत त्यांनी ऐकली. मग त्यांची पाठ पडद्यावर आली आणि गेली.

"सर, क्यू मिस हो गया. वन मोर?"

वन मोर म्हणजे सगळं पुन्हा. पुन्हा नीलेश, पुन्हा मी. या वेळी बाबांनी हात वर केला नाही, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट धरले. क्यू पुन्हा गेला. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला. आत तर धुकं नव्हतं.

"सर, लास्ट टाइम. यल्ला, चलिए."

तिसऱ्यांदा त्यांची पाठ पडद्यावर आली आणि ते बोलले. दटावून नाही. आमच्या घरात त्यांचा असा आवाज मी फार कमी ऐकलाय.

"क्लारा, घरी चल." मग स्क्रिप्टवरची नजर त्यांनी काढली आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. "आणि त्यालाही सांग. उद्या जेवायला ये म्हणावं. पुण्याला काय ते मी बघतो."

"परफेक्ट," मोहिद्दीन म्हणाला. "लिप्स नहीं दिख रहे, नो प्रॉब्लम."

बाबा बाहेर आले, टाय घडी करून खिशात ठेवला. "मी हो म्हटलेलं नाही. जेवायला बोलावलंय फक्त. त्याला विचारायचंय बरंच काही, आणि या वेळी उत्तरं ऐकणार आहे." दाराशी जाऊन ते वळले. "ती आपली सगळी वाक्यं काढून टाकायला सांग हो मोहिद्दीनला. लेखकाने शांतता लिहिलीय तिथे. सिनेमा बिघडेल."

मी हसत हसत बाहेर धावले. पायरीवर आले आणि चष्म्यावर धुकं. फोनवरचं नाव दिसेना, अंदाजानेच दाबलं.

पलीकडे बराच वेळ वाजलं. मग दबक्या आवाजात, "आभामॅडम, मी शब्द दिलाय..."

"फोन करणार नाही असा. उचलायला बंदी नाही. आणि मॅडम पुरे आता." माझा श्वास लागला होता. "नीलेश, ऐक. बाबांनी उद्या जेवायला बोलावलंय तुला. जॅकेट घालून येऊ नकोस."

तिकडे कुठल्याशा दाराचा जाड आवाज झाला, कोल्ड स्टोअरचं असावं. तो बाहेर आला असणार. मालवणी तो फक्त त्याच्या आईशी बोलायचा, हे मला माहीत होतं.

"येतंय गो," तो म्हणाला.