वाचून न दाखवलेली ओळ

"एकाचे डोळे गेले आणि दुसरीची बुद्धी. पण बघा दिनानाथराव, डोळे गेलेला पुढं निघाला आणि डोळे असलेली बारावीवरच बसली."

बाबा, श्यामकांत कर्णिक, हसत हसत बोलले, आणि पेढ्यांचं ताट घेऊन उभी असलेली कुमुदिनी जागच्या जागी थिजली. तिचा दादा हेमचंद्र बी. ए. ला पहिल्या वर्गात आला होता. बाबांच्या फॅक्टरीतले साहेब, दिनानाथराव, खास अंबरनाथ पूर्वेहून अभिनंदनाला आले होते. त्यांनी पेढा उचलला, कुमुदिनीकडे जरा कीव करून पाहिलं आणि निरोप घेतला. त्या नजरेनं तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तीन वर्षं ती हे ऐकत होती. तापानं हेमदादाची दृष्टी गेली, दोन वर्षं वाया गेली, म्हणून मोठा भाऊ आणि धाकटी बहीण एकाच साली बारावी झाले. तिला अठ्ठ्याहत्तर टक्के, त्याला जेमतेम पन्नास. जेमतेम का, तर त्याची उत्तरं लिहायला मिळालेल्या लेखनिकाला अर्थशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि दोन-दोन प्रश्न कोरेच राहत होते. त्या निकालाच्या दिवशी दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि मग त्याला पुन्हा पुस्तकाशी आणून बसवलं ते कुमुदिनीनं. उल्हासनगरच्या सिंध्याच्या दुकानातून कोऱ्या कॅसेट आणायच्या, दुपारची भांडी झाली की टेपरेकॉर्डरपुढं बसून पुस्तकं वाचायची, घसा बसला तरी वाचायची... कॉलेजनं काय केलं? परीक्षेला कोपऱ्यातली एक वेगळी खोली दिली, अर्धा तास जास्त दिला आणि हात झटकले. ना वाचून दाखवणारं कोणी, ना लेखनिक शोधून देणारं. वर मुलाचं कौतुक करायला मात्र प्राचार्य हार घेऊन सगळ्यांत पुढं!

आज तिनं ठरवलं होतं. ताट खाली ठेवून तिनं कपाटातून एक फॉर्म काढला आणि बाबांपुढं धरला. एफ. वाय. बी. ए. चा प्रवेश अर्ज. पालकाच्या सहीची जागा मोकळी होती, आणि उद्या शेवटची तारीख होती.

बाबांनी तो बाजूला सारला. वेळ होती तेव्हा शिकायचा कंटाळा होता, आता विसाव्या वर्षी हे खूळ कुठून आलं, आता स्थळं बघायची, असं बरंच काही ते बोलले. आई, उमाबाई, दाराशी उभ्या होत्या. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आधी हेमचा एम. ए. चा अर्ज बघू," म्हणत बाबांनी दुसरे कागद ओढले. लेखनिकाच्या परवानगीसाठी मागच्या अर्जाची प्रत जोडायची होती. आजवर हे कागद कुमुदिनीच भरायची. बाबांनी प्रत उचलली आणि ऑफिसातल्या सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले.

"लेखनिकाचं नाव, कुमारी कुमुदिनी श्यामकांत कर्णिक. शिक्षण बारावी. मी लिहून देते की, परीक्षार्थी पदवीधर होईपर्यंत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेणार नाही. घेतल्यास परीक्षार्थीचा निकाल रद्द..."

त्यांची नजर पुढं सरकली. खाली दोन सह्या होत्या. एक कुमुदिनीची. दुसरी वाकडीतिकडी, ओळ सोडून खाली उतरलेली, हेमचंद्राची.

मग हेमचंद्रानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "कुमू, तू मला सगळं वाचून दाखवलंस. तळटिपासुद्धा. ही एक ओळ नाही वाचलीस?"

"वाचली असती तर सही केली असतीस?"

हेमचंद्रानं हात पुढं करून तो कागद मागितला.

"मला ठाऊक होतं," उमाबाई पदर तोंडाशी नेत म्हणाल्या. "तिनं शपथ घातली होती."

"शपथ त्या अटीबद्दल न बोलण्याची होती आई, पण मला मठ्ठ म्हणत होते तेव्हा नुसतं 'पुरे' म्हणायला कुणी अडवलं होतं तुला?" इतक्या वर्षांचा संताप आता आवरत नव्हता. "आणि तो नियम! का, तर लेखनिक शिकलेला असला की आंधळा मुलगा चोरी करेल. म्हणजे हा चोर, आणि मी अडाणी राहायची. बाबा, मला तुमचं कौतुक नको. दादा आता पदवीधर झालाय, माझा शब्द पुरा झालाय. मला माझं कॉलेज हवंय."

श्यामकांतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फॉर्म जवळ ओढून त्यांनी पेन उघडलं, पण हात कागदावर टेकेना. शेवटी त्यांनी ते पेन हेमचंद्राच्या हातात दिलं.

"पालक म्हणून तूच कर सही. मी तिचा कुणी असल्यासारखा वागलो नाही," ते म्हणाले.

कुमुदिनी मऊ पडली नाही. तिनं फक्त नेहमीसारखं दादाचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं. पण त्यानं पेन उचललंच नाही.

"आधी वाच," तो म्हणाला. "पहिल्यापासून. एकही ओळ गाळायची नाही."

तिनं कागद हातात घेतला. तीन वर्षं परक्यांची पुस्तकं न अडखळता वाचलेला तिचा आवाज 'विद्यार्थिनीचे नाव' इथपर्यंत नीट आला आणि पुढं आलाच नाही. मग दाराशी उभ्या असलेल्या उमाबाई पुढं आल्या, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी कागदात डोकावलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते नाव वाचलं.