पहिला मासा दर्याचा

आजही दोरीवरचे बहुतेक गळ बंदच वर आले. देवगडच्या ‘सातेरी प्रसाद’ बोटीचा तांडेल लवू कुबल दोरी ओढून घेत होता, पण त्याचं अर्धं लक्ष निलोफर मुकादमवर होतं. गळ बनवणाऱ्या कंपनीने या मुलीला तपासणीसाठी मुद्दाम पाठवलं होतं. संध्याकाळच्या तिच्या अहवालात ‘गळांशी छेडछाड’ असे शब्द आले, की लवूचा परवाना गेलाच.

हे गळ डोळस होते. आमिष बाहेर लटकायचं, टोक मात्र सुपारीएवढ्या कवचात मिटलेलं, आणि कवचाला वालाएवढा कॅमेरा. आमिषावर पाखरू झेपावलं तर कवच मिटूनच राहायचं, मासा आला तर उघडायचं. दोरी सोडताना पाखरं गळाला अडकतात आणि दोरीबरोबर बुडून मरतात, हे लवू जन्मभर बघत आला होता. हंगामाच्या सुरुवातीला, गळ शिकत होते तेव्हा, याही बोटीवर अकरा पाखरं अडकली. चार मेली, सात लवूने स्वतःच्या हाताने सोडवून उडवली. त्यानंतर एकही नाही. या कामगिरीवर तो मनापासून खूश होता.

पण आता मासाच लागेना. आधी कुपा मासा लागायचा थांबला, मग मोडोसा. शेजारच्या बोटी हेच गळ टाकून भरून येत होत्या.

“तांडेलकाका, कवचांना कुणी काही चिकटवलंय का?” एकेक कवच नखाने खरवडत निलोफरने विचारलं.

“आमी कित्याक चिकटवू? मगे खावचा काय? तुमीच थय हापिसात बसान बंद करतास.”

ती खरवडतच राहिली. लवूला ते झोंबलं. चाळीस वर्षांत त्याच्या बोटीची अशी चोरासारखी झडती कुणी घेतली नव्हती. ही बया हातातल्या काचेच्या पाटीवर सारखं काय टिपते, तेही त्याला कळत नव्हतं.

एवढ्यात एक सुरमई वर आली, या दोरीची पहिली. लवूने ती अलगद सोडवली, कपाळाला लावली आणि वाकून पाण्यात सोडून दिली. निलोफरच्या पाटीवर लाल ठिपका उमटला.

“हे काय केलंत?”

“पयलो मासो दर्याचो. दर दोरीक सोडतंव. आज्या-पणज्यापासून चलत इलेला आसा.”

“बाकीच्या बोटीही सोडतात?”

“सोडीत. आता कोण सोडणा नाय.”

निलोफरने मान वळवून वर बघितलं. दोरी वर येते तिथे, बोटीच्या कडेला, आणखी एक मोठा कॅमेरा होता. बोटीवर काय ठेवलं आणि जिवंत परत काय गेलं, ते तो बघायचा आणि रोज सूर्य मावळल्यावर गळांना शिकवायचा. परत सोडलेलं म्हणजे चुकून धरलेलं. दोन-चारदा सोडलं, की पुन्हा धरायचं नाही.

“पाखरं वाचावीत म्हणून आम्हीच सोडलेल्याला जास्त वजन दिलं,” ती म्हणाली. “चांगला मासा कुणी हौसेने सोडेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. मी तुमच्यावर संशय घेतला, काका. चुकलं माझं.”

तिने पाटी त्याच्यापुढे धरली. ‘धरायचे नाहीत’ या यादीत दर्यापाखरं होती, त्याखाली कुपा, मोडोसा, आणि आता सुरमईची पाळी होती. लवूला हसावं की रडावं कळेना. आपण देवाला दिलं आणि यंत्राने ते चूक म्हणून लिहून ठेवलं.

“पुसान टाक मगे ता.”

“पुसलं तर सगळंच पुसलं जाईल. पाखरंसुद्धा. ती पुन्हा अडकतील, मरतील, तेव्हा गळ शिकतील.” तिने यादीवर बोट ठेवलं. “त्यापेक्षा पहिला मासा सोडणं बंद करा. महिनाभर एखादी जात परत सोडली गेली नाही, की यादीतून ती आपोआप निघते.”

अहवालात तिने ‘छेडछाड नाही’ असं लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. परवाना वाचला. तरी लवूला हायसं वाटेना.

दुसऱ्या दोरीवरही पहिली सुरमईच आली. त्याने ती दोन्ही हातांत धरली, कपाळाला लावली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. खलाशी काम थांबवून बघत होते. मग त्याने ती बर्फाच्या पेटीत ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच. पाटीवर हिरवा ठिपका आला.

बोटीमागे पाखरांचा थवा घिरट्या घालत होता. लवू बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होता. दोनदा मोजून झाल्यावर तो निलोफरकडे वळला.

“बाय, मी शेवटचा पाखरू सोडलंय, तेका आज सव्वीस दिस झाले. तेच्या मागसून एक पण लागला नाय, म्हणान एक पण सोडूक नाय. मगे आणखी चार दिसांनी थय यादीत तेंचा नाव रवात मां?”

निलोफरने पाटीवरची यादी पुन्हा उघडली.