निळी रेघ

"माझ्या इंजेक्शनात पाणी होतं म्हणे!" गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅग टेबलावर आपटली. "गाभण राहत नाही म्हणून मालकीण एक गाय विकतेय, संध्याकाळी दलाल घेऊन जाणार. उद्यापासून मला कुठल्या गोठ्यात उभं करतील?"

खाजगी तपासाचं ते ऑफिस चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. त्यांचा दीर त्यांचा मदतनीस होता. तो म्हणायचा, म्हणून बाकीचेही म्हणू लागले. त्याला त्या भाऊजी म्हणत.

"गुरांतलं मला काही कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "नीट सांगा."

"चार गायी माजावर येत नव्हत्या. त्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं. त्याने अंडं पिकून सुटतं आणि गाय माजावर येते. मग ती दुसरीला अंगावर चढू देते. हे बहुतेक रात्रीच चालतं. बघायला कोण बसणार? म्हणून शेपटीच्या मुळाशी जाड खडूने रेघ मारायची. सकाळी ती घासून पुसलेली दिसली की मला फोन करायचा, मी येऊन गाय भरवते, म्हणजे वळूचं बीज सोडते. फोन आलाच नाही. चारही रेघा रोज जशाच्या तशा!"

"तुम्ही तपासलं नाहीत?"

"मालकीण फाटकाच्या आत घेईल तर ना!"

फाटकावर डेअरीची पाटी होती. निळी, टपोरी अक्षरं, कुठे थरथर नाही. डॉक्टरीणबाई बाहेर थांबल्या. आत शिरताच भाऊजींचा पाय शेणात गेला.

"पहिला पुरावा सापडला वाटतं," वहिनी म्हणाल्या.

मालकीण तरुण होती, आणि रागात होती. "आई होती तेव्हा कुठली गाय माजावर आली हे तिला नुसतं बघून कळायचं. मला नाही कळत, म्हणून तर हे औषध आणि खडू. चारही रेघा मीच मारल्या."

"अगदी मापात मारता का हो?"

"छे! गाय उभी राहते होय? घाईत कशीतरी, वाकडीतिकडी. दिसली म्हणजे झालं."

वहिनींनी थोरल्या गायीकडे पाहिलं. दलाल नेणार होता ती हीच. बाकी तिघींकडेही पाहिलं. तिघींच्या कुशीवर वाळलेला चिखल होता, शेपटीजवळचे केस उलटे फिरलेले होते. थोरली तेवढी स्वच्छ होती, पण सारखी हंबरत होती. रेघा चौघींच्याही होत्या. निळ्या, सरळ, ठळक.

दलाल आधीच येऊन बसला होता. भाऊजींनी त्याला कोपऱ्यात घेतलं. "गाय स्वस्तात पडावी म्हणून औषध तुम्हीच बदललंत ना?"

"अहो, त्याच बाईंनी त्याच बाटलीतलं औषध माझ्या गायींना दिलंय! माझ्या सगळ्या माजावर आल्या. मला काय, मिळाली तर गाय नेतो, नाहीतर चहा पिऊन जातो."

चहा मालकिणीच्या बाबांनी आणला. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. पांढऱ्या कपावर अंगठ्याचा निळा ठसा उमटला होता.

"बाबा, सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं?" वहिनींनी विचारलं.

"मीच. ही गेल्यापासून पहाटे घरात बसवत नाही. गोठ्यात जाऊन बसतो. तिच्याच गायी या."

वहिनींनी चहा संपवला आणि डॉक्टरीणबाईंना आत बोलावलं. मालकिणीच्या कपाळावर आठी पडली.

"औषध चांगलं होतं," वहिनी म्हणाल्या. "ते दलालांच्या गायींवर लागू पडलं. इथेही पडलं. तिघींच्या कुशीवर चिखल आहे, केस उलटे झालेत. दुसऱ्या गायी त्यांच्यावर चढल्या होत्या. मग रेघ पुसायला हवी होती."

"पण पुसली नव्हती," मालकीण म्हणाली.

"पुसली होती. तुम्ही उठायच्या आत कुणीतरी नवी मारत होतं. तुमची रेघ वाकडीतिकडी. ही बघा, पट्टी लावल्यासारखी. असा हात मी आज फाटकावरच्या पाटीत पाहिला. आणि रंग चहाच्या कपावर."

सगळे बाबांकडे बघू लागले. त्यांनी खिशातून निळा खडू काढला.

"मला वाटलं, सुई कुणाला दिली त्याची ती खूण," ते म्हणाले. "पुसली तर पोरीचा घोटाळा होईल. म्हणून गिरवत होतो. आणि एवढी वाकडी रेघ मला बघवत नाही गं."

"मला विचारायचं तरी बाबा!"

"तू आई गेल्यापासून बोलतेस कुठे माझ्याशी? सारखी कामात."

डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात हातमोजा चढवला आणि तिघींना तपासलं. "अंडं सुटून गेलंय. ही खेप हुकली, पुढच्या माजाला धरू. थोरलीला मात्र..."

वाक्य पुरं व्हायच्या आत मागची गाय थोरलीवर चढली. थोरली ढिम्म उभी राहिली. निळी रेघ फरफटून पार पुसली गेली. बाबांचा हात आपसूक वर गेला.

"बाबा!" मालकीण ओरडली, आणि तिला हसू फुटलं. "खडू खिशात!"

"फार वाईट पुसली गं," बाबा हळहळले.

डॉक्टरीणबाई बॅग उघडत होत्या. "संध्याकाळी हिला भरवते. तेव्हा यायचं का मी?"

"आत्ताच थांबा ना," मालकीण म्हणाली. "चहा घ्या. बाबा, तुम्हीही बसा इथे."

दलाल रिकामा दोर गुंडाळून निघाला. भाऊजी बूट धूत म्हणाले, "वहिनी, मला दलालाचाच संशय होता."

"तुमची रेघ नेहमीच वाकडी असते भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पण दिसते तरी."