चौदा नंबरची हजेरी

भाची तिचा चष्मा माझ्याकडे विसरली होती, एवढेच निमित्त. सकाळी अकराच्या सुमारास तो घेऊन मी अग्निशमन केंद्राच्या तळघरात उतरले. बाहेर दाट धुके होते. आत तापलेल्या धुळीचा वास आणि जुन्या यंत्राची एकसुरी खरखर.

भाची रेडिओ अभियंता. अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिका यांची आजवर तीन वेगळी रेडिओ जाळी होती. एकाच आगीपाशी उभे राहूनही एकाची हाक दुसऱ्याच्या यंत्रावर येत नसे. चार वर्षे खपून तिने तिघांसाठी एकच जाळे उभारले. त्या दिवशी जुने बंद करून नव्या जाळ्यावर जायचे होते. प्रत्येक गाडीला नव्या यंत्रावर हाक मारायची, तिने ओ दिली की यादीत खूण करायची. मी छत्तीस वर्षे शाळेत हजेरी घेतली. पण इतक्या नेमकेपणाने घेतली, असे म्हणवत नाही.

"मावशी, बस. बोलू मात्र नकोस."

"वर्गात हे वाक्य माझं असायचं," मी पुटपुटले.

जुने ऑपरेटर काका हसले. "बाई, आज आम्ही सगळेच बाकावर उभे आहोत."

एकसष्ट गाड्यांनी ओ दिली. चौदा नंबरची रुग्णवाहिका राहिली. ती पहाटेच दरीपलीकडून एका भाजलेल्या मुलाला आणायला गेली होती, त्यामुळे तिच्यात नवे यंत्र बसलेच नव्हते. काकांनी जुन्यावर हाक मारली. नुसती खरखर. तेवढ्यात टेकडीवरून फोन आला. कामगारांनी जुना मनोरा ठरल्या वेळेच्या तासभर आधीच उतरवला होता. जुन्या यंत्रांचा दरीतला आवाज शहरापर्यंत आणणारा तो एकमेव दुवा होता.

"ती परतायला हवी होती," भाची म्हणाली. "दरीत चार रस्ते उतरतात. पथक कुठल्या रस्त्यानं पाठवू?"

आणि जुन्या यंत्रातून आवाज आला. बाईचा. शांत, प्रत्येक अक्षर सुटे.

"चौदा हजर. जुना रस्ता, पुलाखाली. गाडी कलंडली आहे. चालक बेशुद्ध. मुलाचा श्वास... अडतो आहे."

मग पुन्हा खरखर.

काकांच्या हातातली पेन्सिल गळून पडली. "हा आवाज... टेकडीवरच्या बाईंचा."

"कोण बाई?"

"मनोऱ्याखालच्या खोलीत बसायच्या. दरीतला क्षीण आवाज ऐकून आम्हाला जसाच्या तसा सांगायच्या. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली."

भाचीने क्षणभर डोळे मिटले. मला वाटले, आता ही कोलमडणार. तिने नवा माइक पुढे ओढला आणि एका दमात तिन्ही दलांना जुन्या रस्त्याकडे वळवले. पोलिसांनी वाट मोकळी केली, अग्निशमनवाल्यांनी गाडीचे दार कापले, दुसरी रुग्णवाहिका पुलापाशी तयार राहिली. तिघांना एकमेकांचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. कोणी कोणाच्या पायात आले नाही. बाविसाव्या मिनिटाला मूल बाहेर आले. जिवंत. इतके देखणे काम मी उभ्या आयुष्यात पाहिलेले नाही.

भाचीने जुन्या यंत्राची विजेची वायर काढली, गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. खरखर थांबली.

थोड्या वेळाने दुसऱ्या गाडीतून, नव्या यंत्रावर, चौदा नंबरची नर्स बोलू लागली.

"मॅडम, तुमच्या त्या बाईंना माझे आभार सांगा. सगळा वेळ बोलत होत्या माझ्याशी. मी मुलाला श्वास देणारी पिशवी दाबत होते ना, तर म्हणाल्या, 'आता डाव्या हातानं दाब, उजवा थकलाय तुझा.' त्यांना... दिसत होतं का हो?"

"शेवटी विचारलं त्यांनी, 'आता मी जाऊ का?'"

काका खुर्चीतून अर्धवट उठले. "जा म्हणालीस ना? पोरी, जा म्हणालीस ना तू? कुणी 'जा' म्हटल्याशिवाय त्या कधी खुर्ची सोडायच्या नाहीत!"

"घाबरले होते हो मी..." नर्सचा आवाज बारीक झाला. "म्हटलं, नका जाऊ. थांबा."

भाचीची नजर टेबलावरच्या वायरीवर खिळली होती. मी तिचा हात धरला.

आणि त्या बंद, वायर नसलेल्या यंत्रातून, अगदी हळू, आज्ञाधारकपणे, उत्तर आले.

"बरं... थांबते."