काळदरीचा पिवळा नेचा

मार्चच्या दुपारी काळदरीच्या उतारावरचा खडक हात टेकू देत नव्हता. तरी इरावती सोनटक्के एका भेगेपाशी अर्धा तास बसून होत्या. भेगेत वाळून मुठीसारखा वळलेला एक नेचा होता. बाटलीतलं पाणी त्यांनी त्याच्यावर थेंबथेंब सोडलं होतं.

"मॅडम, पारखी लावा की! दोन मिनिटांचं काम," निनाद फडतरे मागून म्हणाला. या डोंगरात जलाशय खोदणार असलेल्या कंपनीचा तो सर्वेक्षण अधिकारी.

पारखी म्हणजे तळहाताएवढं यंत्र. पानाचा कपटा खाचेत सरकवला की ते त्याची जनुकं वाचून नाव सांगे. चार वर्षांपासून सरकारदरबारी त्याचाच दाखला चाले. इरावतींसारख्या वनस्पतितज्ज्ञांनी खाली फक्त सही करायची.

त्यांनी कपटा सरकवला. पडद्यावर आलं : 'चंदेरी नेचा. सर्वत्र आढळतो. खात्री नव्व्याण्णव टक्के.'

एवढ्यात भेगेतलं पान उलगडू लागलं होतं. इरावतींनी ते खुडून मनगटावर दाबलं. चंदेरी नेच्याच्या पानामागच्या भुकटीचा ठसा पांढरा उमटतो. हा पिवळाधमक उमटला. देठावर तांबूस खवले. तीस वर्षांच्या भटकंतीत असा नेचा त्यांनी पाहिला नव्हता.

"हे चुकतंय," त्या म्हणाल्या.

"यंत्र कसं चुकेल?"

त्यांनी करवंदीचं पान घातलं. यंत्र म्हणालं, करवंद. बरोबर. पुन्हा नेचा घातला. पुन्हा चंदेरी. मग काय वाटलं कोण जाणे, यंत्र घेऊन त्या चढ चढू लागल्या.

"तिकडे कुठे? आपली हद्द धारेपर्यंतच आहे!"

डोंगरमाथ्याची धार ओलांडून पलीकडे वीस पावलांवर त्यांनी त्याच पानाचा कपटा पुन्हा तपासला. 'अनोळखी. जुळणारी नोंद नाही.' धारेच्या अलीकडे आल्या. 'चंदेरी नेचा.'

निनाद धापा टाकत पोचला. पडदा पाहून तो जराही चकित झाला नाही, आणि तेच इरावतींना खटकलं.

"जागेची जुनी नोंद जमेस धरतं ते," तो सावकाश म्हणाला. "या उतारावर आधी चंदेरी नेचाच नोंदलाय."

"कुणी?"

"मॅडम, गेल्या वर्षीच्या प्राथमिक अहवालावर तुमचीच सही आहे."

इरावतींना आठवलं. तेव्हा गाडी पायथ्याशी उभी होती. कंपनीच्या माणसांनी डोंगरावरून आणलेली यादी गाडीतच वाचून त्यांनी सही केली होती. आणि तशा याद्या काही एकाच डोंगराच्या नव्हत्या. चार वर्षांत अकरा डोंगर. त्यांतले सात आता फोडून झाले होते.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

निनादने हात पुढे केला. "ते पान द्या माझ्याकडे. तपासायला पाठवतो."

इरावतींनी पान वहीत ठेवलं, वही पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला लावली. "या अहवालावर माझी सही होणार नाही."

"दुसऱ्या कुणाची होईल."

तो उतरू लागला. इरावती तिथेच उभ्या राहिल्या. इथला नेचा निदान त्यांच्या पिशवीत होता. त्या सात डोंगरांवर त्यांनी न पाहताच कशाकशाला चंदेरी म्हटलं होतं?