उणेराव आणि समोरची खुर्ची

वाचनालयात त्या दुपारी एकच खुर्ची रिकामी होती... आणि ती नेमकी माझ्या समोर.

“इथे बसू का?”

“खुर्ची काही माझ्या मालकीची नाही,” मी म्हणाले. गणिताची फेरपरीक्षा तोंडावर आली की माझ्या जिभेला अशीच धार चढते.

तो बसला आणि माझ्या पुस्तकाकडे पाहून एकदम खुलला. “डेफिनिट इंटिग्रल! माझीही फेरपरीक्षा आहे. पुस्तक असंच राहू दे, मी इथूनच उतरवून घेतो.”

क्षेत्रफळ काढायचं ते उदाहरण सुटल्यावर आम्ही उत्तरं ताडून पाहिली. माझं आठ, त्याचं उणे आठ.

“क्षेत्रफळ उणे कसं येईल, रे?”

“तिथे... खड्डा असेल.”

मी इतकी हसले की ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून डोळे वटारले.

मग तो रोजच येऊ लागला. उत्तराचा आकडा अगदी बरोबर, पण पुढे उणे ठरलेलं! मी त्याचं नाव उणेराव ठेवलं. तो मला परीक्षकबाई म्हणायचा. पंख्याच्या वाऱ्याने पान उडायला लागलं की दोघांचीही बोटं एकदमच त्या पानावर पडायची... आणि उचलायची घाई कुणालाच नसायची.

एके दिवशी मात्र त्याने वही मिटून बाजूला सारली.

“अजून उणेच येतंय गं. या वेळी नापास झालो, तर बाबा मला काकांच्या लाकडाच्या वखारीत पाठवणार आहेत.”

“कुठे आहे वखार?”

“लांब. रात्रभराचा प्रवास.”

मला हा मुलगा हवा होता. रोज, इथे, समोर, त्याच्या उण्यासकट. हे मला तेव्हा लख्ख कळलं आणि त्या उण्याचा भयंकर राग आला.

“आण ती वही!” मी त्याची एकेक ओळ तपासली. इंटिग्रेशन चोख. चूक फक्त इंटिग्रलच्या खुणेला वर-खाली लावतात त्या लिमिटमध्ये होती... वरचा आकडा खाली, खालचा वर, म्हणून उत्तर उणे.

“पुस्तकात असंच आहे,” तो हट्टाने म्हणाला.

मी उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथून माझं पुस्तक उलटं दिसत होतं. बाकीची अक्षरं तो मनात सुलटी करून घ्यायचा. पण इंटिग्रलची ती लांबुडकी खूण उलटी केली तरी तशीच दिसते; तिच्या वर-खालचे आकडे मात्र अदलाबदल होऊन दिसतात. तिथेच स्वारी फसत होती!

“अरे, तू लिमिट उलट्या वाचतोयस! पेपर काय असा समोरून वाचायचाय? तुला सगळं येतंय, वेड्या!”

“शांतता!” बाई कडाडल्या. मला मात्र आनंदाने रडूच यायचं बाकी होतं.

“तुझं स्वतःचं पुस्तक कुठंय?” मी हळूच विचारलं.

“पिशवीत.”

“पिशवीत? इतके दिवस?”

त्याचे कान लाल झाले. “ते काढलं असतं, तर तुझ्या पुस्तकात डोकवायला निमित्त काय उरलं असतं?”

“मग निदान शेजारी येऊन बसायचंस.”

“शेजारून पुस्तक सरळ दिसलं असतं गं...” त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “तू दिसली नसतीस.”

मी परत माझ्या जागेवर येऊन बसले आणि पुस्तक थोडं बाजूला सरकवलं.

“ये इकडे,” मी म्हणाले. “तू आता कुठेही जाणार नाहीयेस. बघायला पुष्कळ वेळ मिळेल.”

त्याने आवाज न करता खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून ठेवली. कोपराला कोपर लागलं. आम्ही पुढचं उदाहरण घेतलं. त्याचं उत्तर झटक्यात आलं... आणि अधिक आलं! माझ्या वहीत मात्र लिमिटच्या पुढे काहीच नव्हतं.

तो वाकून पाहू लागला. “काय गं परीक्षकबाई, कुठे अडलंय?”

“तुझ्यापाशी,” मी म्हणाले.