दाजींचं अस्वल

दाजींना अस्वल हवं होतं. साधंसुधं नव्हे. पिल्लासकट, मागे बर्फाचं शिखर असलेलं, आणि जमल्यास कॅमेऱ्याकडे बघणारं! फरशा आणि नळ विकायच्या आपल्या दुकानातली समोरची अख्खी भिंत त्यांनी त्या फोटोसाठी मोकळी ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला ते ती रिकामी भिंतच कौतुकाने दाखवायचे. "इथे अस्वल येणार," असं म्हणायचे. जणू त्याला पगारावर ठेवलं होतं!

म्हणून ही मोहीम. डोंगरातल्या राखीव उद्यानात सकाळी शिरायचं, देखावे आणि जनावरं बघत वर चढायचं, अस्वल टिपायचं आणि अंधाराच्या आत खाली यायचं. माणसं तीन. प्रमुख अर्थातच दाजी. त्यांच्या मागे त्यांची बायको, म्हणजे ताई. ती बालवाडीत शिकवायची आणि घरी आली की दिवसभर न मिळालेली शांतता भरून काढत गप्प बसायची. तिसरी ताईची धाकटी बहीण. ती भूलतज्ज्ञ होती, आणि ताईने फोनवर गळ घातली म्हणून आली होती.

"ये ना गं. तू असलीस की ते जरा कमी बोलतात."

हे खोटं होतं. दाजी कुणीही असलं तरी तितकंच बोलत. पेशंटला झोपवणं हाच धंदा असल्याने धाकटीला एक खोड जडली होती. बडबडा माणूस समोर आला की ती त्याच्या वजनाकडे बघून मनातल्या मनात औषधाची मात्रा ठरवायची. दाजींची मात्रा तिने त्यांच्या लग्नातच ठरवून ठेवली होती. पोट सुटत गेलं तशी ती वाढवत नेली होती, इतकंच.

फाटकापाशी उद्यानाच्या रक्षक बाईने नियम सांगितले. दोरीपलीकडे जाऊ नका, उघडं खाणं नेऊ नका, दुपारनंतर वर थांबू नका, अस्वल दिसलं तर पळू नका. बाईचा सूर असा, की लिफ्टमधला आवाजही तिच्यापेक्षा मायेने बोलतो. दाजींनी ऐकलं नाहीच. ते कॅमेऱ्याचं भिंग पुसत होते. ते भिंग एवढं लांब होतं, की त्याला धरायला वेगळा माणूस लागला असता. बहुधा तो माणूस ताईच.

उद्यानाची बस प्रत्येक देखाव्याशी थांबायची. मग सगळे उतरायचे, देखाव्याकडे पाठ करायचे, स्वतःचा फोटो काढायचे आणि पुन्हा चढायचे. धबधब्यापाशी तेच. दरीपाशी तेच. एका वळणावर कड्यावरचे रानबकरे दिसले. पांढरे ठिपके, माणसाला उभं राहायला जागा नाही अशा धारेवर निवांत चरणारे. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! बकऱ्यांनी वर बघायचीही तसदी घेतली नाही. धाकटीला ते फार आवडलं. त्या दिवशी भेटलेल्यांपैकी अक्कल शाबूत असलेले तेच पहिले.

धबधब्यापाशी ताई मात्र कठड्यावर वाकून बराच वेळ बघत राहिली होती. पाणी वर कुठून निघतं, कुठल्या घळीतून येतं, कुठे एकदम तुटून खाली पडतं, सगळं बोटाने हवेत गिरवत होती.

"चल ना ताई, पाणीच आहे," धाकटी म्हणाली होती.

बस संपली तिथून पायवाट सुरू झाली. खुरट्या झुडपांतून, मग दगडांतून, मग नुसत्या आभाळाखालून. एका घारीएवढ्या पक्ष्याला दाजींनी गरुड ठरवलं, आणि समोरच्या बुटक्या खडकाला अस्वल ठरवून त्याचे खूप फोटो काढले. खडक हलला नाही तेव्हा म्हणाले, "झोपलंय."

दुपार कलायला लागली तशी वाट एका दोरीपाशी येऊन संपली. दोरीपलीकडे सुट्या दगडांचा लांबच लांब उतार होता, आणि त्याच्या टोकाला लाल फळांची झुडपं.

"फळं म्हणजे अस्वल!" दाजी म्हणाले आणि दोरी ओलांडून गेलेसुद्धा.

"अहो, त्या बाईने सांगितलंय ना..." ताई म्हणाली.

"ते पर्यटकांसाठी असतं गं."

ताईने दोरीकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि दोरी उचलून खालून गेली. इतकी वर्षं ती अशीच गेली होती. धाकटीच्या डोक्यात तिडीक उठली. दाजी एकटे गेले असते तर तिने खुशाल दगडावर बसून सफरचंद खाल्लं असतं. पण ताई! ती चरफडत मागे निघाली.

उताराच्या मधोमध पोचले आणि धुकं आलं. येताना दिसलंच नाही. खालून वर चढलं, ओल्या चादरीसारखं अंगावर पडलं. पुढचा माणूस गायब. मागची वाट गायब! थंडी हाडांत शिरली.

मग दगड सरकले. आधी एक. मग दहा. मग अख्खा उतारच गुरगुरत खाली निघाला!

"अगं आई गं!"

दाजींचा आवाज खालून आला. दोघी बसत, सरपटत, हातांची सालटी काढत त्यांच्यापाशी पोचल्या. ते झुडपांच्या कडेला बसले होते, उजवा घोटा धरून. कॅमेऱ्याची बॅग मात्र छातीशी कवटाळलेली.

"कॅमेरा शाबूत आहे," ते म्हणाले. पहिलं वाक्य हे!

धाकटीने घोटा चाचपला. मोडला नव्हता, पण फुगत होता. "तुमचं नशीब," ती म्हणाली, "की डोक्यावर पडला नाहीत. तिथे काही सापडलंच नसतं मला."

तेवढ्यात वास आला. ओल्या कांबळ्याचा, सडक्या फळांचा, कशाचा तरी जिवंत, उग्र वास. झुडपं हलली. धुक्यातून एक गुबगुबीत पिल्लू बाहेर आलं आणि त्यांच्याकडे टकामका बघायला लागलं.

कुणी श्वास घेईना. कारण पिल्लू आलं म्हणजे...

आली! झुडपं फाडून अस्वलीण आली. हनुवटीवरून लाळ गळत होती. ती थांबली, नाक वर केलं, आणि मोठ्याने फुस्स केलं.

दाजींची बोबडी वळली. ज्यासाठी एवढा डोंगर चढले तो फोटो समोर उभा होता, आणि त्यांचा हात कॅमेऱ्याकडे गेला नाही. ते लंगडत उठायला लागले. पळणार होते!

"बसा," धाकटी म्हणाली. ऑपरेशनच्या टेबलाशी वापरायचा तो आवाज आपोआप आला. हळू, सपाट, उबदार. "मी इथेच आहे. माझ्याकडे बघा. श्वास घ्या. आता सोडा. छान. पुन्हा."

या माणसाशी ती आयुष्यात एवढं गोड बोलली नव्हती.

अस्वलीण धावून आली. दगड उडाले. जमीन हादरली. धाकटीचा आवाज तसाच चालू राहिला, "श्वास घ्या, सोडा." अस्वलीण चार हातांच्या अंतरावर येऊन थबकली. पंजा आपटला. नाक दाजींच्या बॅगेवर रोखलं.

"बॅगेत काय आहे?" ताईने पुटपुटत विचारलं.

दाजींनी बॅग आणखी घट्ट धरली.

"अहो, बॅगेत काय आहे?"

"बिस्किटं. मधाची. थोडी... म्हटलं, वास लागला तर जवळ येईल."

अस्वलाला खाऊ दाखवून बोलवायला निघालेला माणूस! धाकटीला वाटलं, या अस्वलीणबाईने याला खाल्लं तर अपचन होईल बिचारीला.

"सोडा ती बॅग," ताई म्हणाली.

"अगं, भिंगच केवढ्याचं..."

अस्वलीण पुन्हा फुसफुसली. एक पाऊल पुढे आली.

"सोड!"

धाकटीने मान वळवून पाहिलं. ताई दाजींना कधी अरेतुरे करत नसे, भांडतानाही नाही. आता ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती आणि दुसऱ्याचं खेळणं न सोडणाऱ्या पोराकडे बघावं तशी बघत होती. "सोड म्हणते ना! हात काढ!"

दाजींचे हात सुटले. ताईने छातीवरचा पट्टा उघडला, बॅग ओढून काढली आणि उताराच्या दिशेने लांब ढकलून दिली. बॅग गडगडत गेली. अस्वलीण तिच्यामागे. पिल्लू अस्वलिणीमागे. धुक्यात काहीतरी कडाडून फुटलं. दाजींनी डोळे मिटले.

"चला. हळू. पळायचं नाही," ताई म्हणाली.

दोघींच्या खांद्यांवर हात टाकून दाजी लंगडत निघाले. पण निघाले कुठे? धुकं तसंच होतं, आणि वरून बारीक गारा पडायला लागल्या. डावीकडे पाण्याचा आवाज येत होता.

"ओढ्याने खाली जाऊ," धाकटी म्हणाली. "पाणी खालीच जातं. साधी गोष्ट."

"नाही."

"ताई, वाद नको. यांच्या वजनाने खांदा निखळतोय माझा."

"हे सकाळचं पाणी आहे," ताई म्हणाली. "दोन घळी एकत्र येतात आणि पुढे कडा. तू सांगत होतीस ना, पाणीच आहे म्हणून? तेच पाणी. त्याच्या मागे गेलीस तर धबधब्यातून उतरशील. आडवं जायचं. पाणी डाव्या हाताला ठेवून, वरच्या अंगाने. दोरी तिकडे आहे."

धाकटीचा चेहरा कानांपर्यंत तापला. सकाळपासून ती सगळ्यांना मूर्ख ठरवत हिंडत होती, आणि बघायची गोष्ट तेवढी बघायची राहिली होती. निमूट आडवी चालली.

तो उतार त्यांनी कसा पार केला हे सांगायला नको. एक पाऊल टाकायचं, दगड धरतो का बघायचं, मग दाजींना ओढायचं. दाजी दोनदा घसरले. एकदा धाकटी घसरली आणि दाजींनीच तिची कॉलर धरली, हेही सांगायला हवं. गारांनी कान बधिर झाले. बोटं वाकेनात. आणि मग धुक्यात एक आडवी रेघ उमटली. दोरी! ताई दोरीला धरून खाली बसली आणि तोंडावर हात दाबून रडली, थोडंच. मग उठली.

खाली, बस संपते तिथल्या चौकीत, रक्षक बाईने दाजींचा घोटा बांधला आणि त्यांना त्याच लिफ्टच्या सुरात झापलं. दाजींनी मान खाली घातली. पण शेवटची बस यायची होती, चौकीत पर्यटक जमले होते, आणि कुणीतरी विचारलं, "अस्वल दिसलं म्हणे?"

झालं! दाजींची मान वर आली.

"दिसलं? अहो, एवढं अंतर! मी ह्या दोघींना म्हटलं, हलायचं नाही. मग विचार केला, कॅमेरा गेला तर गेला, माणसं वाचली पाहिजेत. अन् दिली बॅग भिरकावून!"

लोकांनी श्वास रोखले. दोघांनी फोन काढून दाजींचाच व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. धाकटी उठली. तोंड उघडलं. या माणसाला आता ती सगळ्यांसमोर सोलून काढणार होती. ताईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे. बाहेर चल."

बाहेर आभाळ मोकळं झालं होतं आणि समोरचा डोंगर धुऊन काढल्यासारखा लख्ख दिसत होता. ताईने बोट दाखवलं. पलीकडच्या उतारावर, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतक्या जवळ, अस्वलीण फळं ओरबाडत होती. पिल्लू तिच्या पाठीवर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. मागे शिखर, आणि शिखरावर उतरतं ऊन.

चौकीच्या खिडकीतून आतले लोक दिसत होते. दाजींभोवती गोल करून उभे, सगळ्यांच्या पाठी खिडकीकडे. दाजी हात पसरून अस्वल केवढं होतं ते दाखवत होते.

"हाक मारू त्यांना?" धाकटीने विचारलं.

ताई कठड्याला टेकली. "नको," ती म्हणाली. "आत्ताच तर रंगात आलेत."

आणि दोघी उन्हं जाईपर्यंत बघत राहिल्या.